सल्लागारांची टिपणं लोकांना वाचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वस्तीला लागून असलेल्या केमिकल कारखान्यांना परवानगी देतं तरी कोण, असं मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने विचारलं होतं. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जाईना, कारण परवानगीच्या आधी सरकार ज्यांना विचारतं त्यांच्यात मी होतो. केमिकल इंजिनिअरिंग शिकवण्यात आयुष्य गेलं आणि शेवटची काही वर्षं स्थळ मूल्यांकन समितीवर, म्हणजे धोक्याच्या कारखान्याला ती जागा चालेल का हे बघणाऱ्या समितीवर, बाहेरचा तज्ज्ञ म्हणून बसलो.

ही समिती भोपाळनंतरची. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं, मग वर्षभराने ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम हे जहाल ॲसिड गळलं आणि १९८७ ला फॅक्टरीज ॲक्टमध्ये ४१-ए कलम आलं. राज्याचा कारखान्यांचा चीफ इन्स्पेक्टर अध्यक्ष, सोबत पोल्युशन बोर्ड, हवामान खातं, टाउन प्लॅनिंगची माणसं, आणि त्या प्रोसेसची खास माहिती असलेला एखादा सायंटिस्टही घेता येतो. अर्ज आला की ९० दिवसांत शिफारस द्यायची, असा त्या कायद्यात नियम होता. २०२० च्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही अशी समिती ठेवलीय आणि ती ठेवली हे चांगलंच झालं, माझी तक्रार समिती असण्याबद्दल नाही.

तक्रार काय ते एका अर्जावरून सांगतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, जिल्ह्याचंही नाही. क्लोरिनेटेड पॅराफिनचा, म्हणजे पॅराफिनमध्ये क्लोरीन गॅस सोडून रसायन बनवायचा प्लांट होता. क्लोरीन टनरमधून, म्हणजे मोठ्या सिलिंडरमधून घेणार, एक टनर ९०० किलोचा, आणि अर्जात साठा लिहिलेला ११ टनर. म्हणजे ९.९ टन.

आता हे ९.९ का, ते लोकांना कळलं पाहिजे. धोकादायक रसायनांचे १९८९ चे जे नियम आहेत त्यात क्लोरीनची खालची मर्यादा १० टन आहे आणि वरची २५ टन. १० ला टेकलात की साइट नोटिफाय करा, म्हणजे सरकारला कळवा, कारखान्याचा इमर्जन्सी प्लॅन करा, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी कुंपणाबाहेरचा प्लॅन करायचा, आणि आजूबाजूच्या लोकांना धोका काय आहे, गळती झाली तर काय करायचं काय नाही, हे सांगायचं. २५ ला सेफ्टी रिपोर्ट. ९.९ ला या नियमांतलं यातलं काहीच लागत नाही. फॅक्टरीज ॲक्टचं ४१-बी कलम मात्र कुठलीही मर्यादा न घालता आसपासच्या लोकांना माहिती द्या म्हणायचं, पण मी जिथे जिथे गेलो तिथे ते गेटवरच्या एका रंग उडालेल्या बोर्डापाशी येऊन थांबलेलं होतं. आणि शंभर किलो कमी केल्याने क्लोरीनचा स्वभाव काही बदलत नाही.

आम्ही जागा बघायला गेलो होतो. त्याच मालकाचं जुनं युनिट शेजारी चालू होतं, वेगळ्या उत्पादनाचं, तिथेही टनर होते, ते एका दुसऱ्या नावावर. नियम असा आहे की एकाच मालकाच्या ५०० मीटरच्या आतल्या सगळ्या साठ्यांची बेरीज करायची, पण कागदावर मालक वेगळा झाला की बेरीज करायची कोणी? तिथे एक जुना हेल्पर भेटला, पन्नाशीचा, त्याला मी विचारलं की टनरचा व्हॉल्व गळायला लागला तर काय करणार. टनर आडवा ठेवलेला असतो, त्याला दोन व्हॉल्व, एकावर एक येतील असे, वरच्यातून गॅस येतो आणि खालच्यातून लिक्विड. तो म्हणाला, साहेब, पहिल्यांदा टनर फिरवायचा, गळका व्हॉल्व वर आणायचा. अगदी बरोबर उत्तर होतं, कारण लिक्विड बाहेर आलं तर त्याचा साधारण ४६० पट गॅस होतो. हे त्याला कोणी ट्रेनिंगमध्ये नाही, सोबतच्या माणसाने शिकवलं होतं. गळलेला गॅस शोषून घेणाऱ्या स्क्रबरच्या टाकीत कॉस्टिक सोडा किती आहे ते मात्र त्याला माहीत नव्हतं, झाकण उघडलं तर तळाला होतं, वारा कळावा म्हणून लावलेली कापडी पिशवी फाटून खांबाला गुंडाळलेली होती.

बाहेर आलो तर रस्त्यापलीकडे, उताराला, एक ताई चहाची टपरी चालवत होत्या. त्यांनी मला विचारलं, "साहेब, आत काय आहे ते राहू द्या, वास आला तर पळायचं कुठे तेवढं सांगा." मी सांगितलं की हा गॅस हवेपेक्षा अडीचपट जड असतो, खड्ड्यात आणि उताराला साचतो, तेव्हा वर चढायचं आणि वाऱ्याला आडवं जायचं, वारा नेतो तिकडे पळायचं नाही. त्यांनी दोन्ही मुलांना बोलावून माझ्याकडून ते परत म्हणून घेतलं. दोन मिनिटांचं काम होतं हो. ते एवढी वर्षं कोणीच केलं नव्हतं.

मी टिपणात हे सगळं लिहिलं. बेरीज करा, टपरीची बाजू आणि त्यामागची चाळ धरून गळतीचा हिशोब मागवा, शेजाऱ्यांना लेखी सूचना द्या, तोवर शिफारस नको. इतिवृत्त आलं त्यात एक ओळ होती, सदस्यांच्या सूचना विचारात घेऊन शिफारस करण्यात येत आहे. परवानगी मिळाली. कोणत्या सूचना, कोणाच्या, त्यातली कोणती मानली आणि कोणती का नाही मानली, याचा एक शब्द नाही. माझं पान नस्तीत लागलं असेल, बाहेर कोणाला दिसलं नाही. सिलिंडरसाठी वेगळं लायसन्स, सांडपाण्यासाठी वेगळी संमती, जागेसाठी आम्ही, जो तो आपापल्या चौकटीत सही करतो आणि टपरीवाल्या ताई कुठल्याच चौकटीत बसत नाहीत.

१४ जुलै २०१० ला शिवडीला हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला तेव्हा शंभरच्या वर लोक हॉस्पिटलात गेले. इथे काय ठेवलंय हे त्यातल्या किती जणांना आदल्या दिवशी माहीत असेल?

म्हणून माझं मागणं एवढंच की परवानगीच्या कागदासोबत समितीतल्या प्रत्येकाचं टिपण जसंच्या तसं, मराठीत, ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात लावा आणि नेटवरही टाका. प्रोसेसमधलं काही गुपित असेल तर तेवढं झाका, पण साठा किती, वस्ती किती लांब, सल्लागार काय म्हणाला आणि सरकारने ते का मानलं नाही यात कुठलंच गुपित नसतं. सल्लागारांवर दबाव येईल असं काही जण म्हणतात, मला उलट वाटतं, नाव आणि मत उघड असलं की माणूस जास्त तपासून लिहितो, मी तरी लिहिलं असतं.

माझ्या त्या टिपणापुरतं म्हणाल तर ते कोणालाही दाखवायला माझी हरकत नाही, असं पत्र मी सोमवारी संबंधित कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवलंय. पोच अजून यायचीय.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, ठाणे