विषय: मॉडरेटरविरुद्धची तक्रार त्याच मॉडरेटरकडे पाठवल्याबाबत

तुमच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. तुमच्या सशुल्क चर्चागटातलं रिपोर्टचं बटण कसं चालतं हे तुम्हाला सांगायला नको.

चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्या तुमच्या एका मॉडरेटरने माझ्या प्रश्नाखाली लिहिलं, "आधी वाचायला शिका, मग विचारा." मी "वैयक्तिक अपमान" हे कारण निवडून रिपोर्ट केला. चार मिनिटांत उत्तर आलं: "नियमभंग आढळला नाही." कोणी तपासलं, कोणता नियम लावला, एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी माझीच पोस्ट "विषयबाह्य" ठरवून लॉक केली.

आता आजचा फोन. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, तक्रार संबंधित मॉडरेटरकडे पाठवली होती."

"संबंधित म्हणजे?"

"म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार आहे, ते."

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे! वर, "एवढं वाटत असेल तर तुम्हीच का नाही मॉडरेटर होत?" बरं, अर्ज कुठे करायचा? "अर्ज नसतो मॅडम. आधीचे मॉडरेटर सुचवतात." आणि मग हसले. ते हसू मी विसरणार नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि नवा जामदार निवडायचा तोही चोरानेच.

ही काही न सुटणारी अडचण नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर मॉडरेटर सदस्यांच्या मतदानाने निवडले जातात. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या साइटने तर प्रतिक्रियांना गुण देणाऱ्या सदस्यांच्या निर्णयांवरही इतर सदस्यांकडून शेरे घेण्याची पद्धत आणली होती. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार मोठ्या प्लॅटफॉर्मना निर्णयाची कारणं द्यावी लागतात, आणि त्याविरुद्धच्या तक्रारीचा निकाल नुसत्या यंत्रावर सोडता येत नाही. तुमच्याकडे तर यंत्रही नाही, यंत्राने निदान मला वाचायला शिकवलं नसतं.

मॉडरेटर बिनपगारी असतात, रिपोर्टांचा ढीग उपसतात, हे मला मान्य आहे. निम्मे रिपोर्ट रागाच्या भरातले असतील, तेही मान्य. पण ज्याच्याविरुद्ध रिपोर्ट आहे त्याच्या रांगेत तो जाऊ नये, एवढं तरी? रिपोर्ट त्याच्याकडेच गेला, त्यानेच बंद केला. माझी तक्रार मी चारही वेळा सांगितली, आता पाचव्यांदा लिहिते आहे.

सहा वर्षं मी पैसे भरते आहे. नव्या सदस्यांना उत्तरं देत बसले आहे, तीही फुकट.

माझा रिपोर्ट दुसऱ्या माणसाने उघडावा, लॉक काढावं आणि निर्णयाचं कारण लेखी द्यावं. पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर सदस्यत्व रद्द करून उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागेन आणि ग्राहक आयोगाकडे जाईन. चारही संभाषणांची टिपणं माझ्याकडे आहेत. उत्तर लेखीच द्या, फोन नको. "संबंधित" या शब्दाचा अर्थ मला पुन्हा ऐकायचा नाही.

— तुमची (अजून तरी) सदस्य