गोळी देण्याआधी प्रश्न विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं किंवा दुकानाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. कोथरूडमध्ये पिठाच्या गिरणीला लागून असलेलं मेडिकल, एवढंच लिहिते. आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या लोकांना तेवढ्यावरून कळेल, आणि कळावंच.

गेल्या जूनमध्ये मी तुमच्याकडे प्रोप्रॅनोलॉल मागायला आले होते. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली होती, मीटिंगच्या आधी एक घे, हात थरथरत नाहीत. तिला लागू पडली म्हणजे मलाही पडेल, असं मी धरून चालले होते. तुम्ही वर बघून विचारलंत, "चिठ्ठी आहे का? आणि तुमचा पंप चालू आहे ना अजून?" सात वर्षं मी दम्याचा पंप तुमच्याकडूनच नेते. या गोळीने दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतात, दुसऱ्या कुणी दिली तरी घेऊ नका, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. मग आवाज खाली आणून म्हणालात, "काय होतंय नक्की?" आणि मला तिथेच, काउंटरपाशी, रडू फुटलं.

काय होतंय ते तोवर मी घरीसुद्धा धड बोलले नव्हते. पहाटे चारला जाग यायची ती छातीत धडधड घेऊनच. लकडी पुलावर रिक्षा दोन मिनिटं अडकली तरी श्वास पुरायचा नाही. हा दमा की भीती, हे कळेना म्हणून मी पंप ओढायचे, आणि धडधड आणखी वाढायची. पंपातल्या औषधानेही छाती धडधडते, हात कापतात, हे मला तुमच्याकडून कळलं. मी स्वतःच त्या चक्राला गती देत होते. आधी थायरॉइड तपासून घ्या आणि मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, असं तुम्ही म्हणालात. मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे अजून पहिला शब्द निघतो तो येरवडा. तुम्ही मात्र दाताच्या डॉक्टरकडे जा म्हणावं इतक्या सहज म्हणालात.

थायरॉइड ठीक निघालं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी भीती-चिंतेवरचं एस्सिटालोप्रॅम लिहून दिलं, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये एकोणीस दिवस पडून होती.

कारण माझी आई. बाबा गेले तेव्हा कुणीतरी तिला झोपेसाठी अल्प्राझोलाम दिली, पुढे कुणीच ती कमी केली नाही. गोळी संपली की तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. एकदा लागली की सुटत नाही, माणूस माणसासारखं राहत नाही, हे माझ्या मनात घट्ट बसलं होतं.

विसाव्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत, आपला डबा बाजूला ठेवलात. अल्प्राझोलाम आणि माझ्या चिठ्ठीतलं औषध या दोन वेगळ्या जातीच्या गोळ्या आहेत, हे समजावताना तुम्ही एच-१ चं, म्हणजे कायद्याने कडक नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचं, रजिस्टर उघडून दाखवलंत. अल्प्राझोलाम दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या, सगळं त्यात लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं, कारण तिची सवय लागते. माझ्या गोळीची तशी तलफ लागत नाही, पण तीही मनाने एकदम बंद करायची नाही, चक्कर येते, डोक्यात शॉक बसल्यासारखं होतं, डॉक्टर हळूहळू उतरवतात. हे तुम्ही लपवलं नाहीत, म्हणूनच माझा बाकीच्यावर विश्वास बसला.

मग खोक्यातलं ते घडीचं पत्रक. मी ते नेटवर आधीच वाचून घाबरले होते. तुम्ही लाल पेन घेऊन दहात एकाहून जास्त जणांना होणारं काय आणि हजारात एखाद्याला होणारं काय, हे वेगळं करून दाखवलंत. मळमळ पहिल्या गटात, तिच्याखाली दोन रेघा. "पहिले काही दिवस उलट घाबरणं वाढूही शकतं. तेव्हा औषध लागत नाही असं समजू नका. फरक पडायला दोन ते सहा आठवडे जातात. पण जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन." बिलाच्या मागे तुम्ही टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लिहून दिलात, १४४१६. कंबरदुखीसाठी मी अधूनमधून कॉम्बिफ्लॅम घेते, हेही तुम्हीच आठवलंत. दोन्ही एकत्र घेतलं तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि शेवटी म्हणालात, "हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. नवराबायकोच्या संबंधात फरक पडतो कधीकधी. इच्छा कमी होते. लाजू नका, डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते." ताई, हे मला आजवर कुणी सांगितलं नसतं. पुढे ते खरंच झालं, तेव्हा मी स्वतःला दोष देत बसले नाही. पुढच्या भेटीत बोलले.

तुम्ही एकदाही "घ्या" म्हणाला नाहीत. नुसत्या समुपदेशनाने भागेल का, हे डॉक्टरांना विचारलंत का, असंच म्हणालात. मी विचारलं. झोप आणि नोकरी दोन्ही हातची चालली होती, तेव्हा दोन्ही उपचार बरोबर करू, असं ठरलं. निर्णय माझा होता, म्हणून तो मला झेपला.

चार दिवस मळमळलं. सारख्या जांभया यायच्या, झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी गोळी सकाळी घ्यायला सांगितली. दुसऱ्या आठवड्यात धडधड वाढली तेव्हा मी तुमचं ते लाल रेघांचं पत्रक काढून वाचलं आणि थांबले. पाचव्या आठवड्यात एकदा रिक्षा लकडी पुलावर अडकली. मी भाजीचा हिशोब करत होते. पूल ओलांडून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आणखी एक राहिलंच. त्या दुपारी तुम्ही आईबद्दल म्हणाला होतात, तिची गोळीही एकदम तोडू नका, पण कमी होऊ शकते का हे विचारा तरी. आम्ही विचारलं. डॉक्टर सहा महिने थोडी थोडी उतरवत आहेत. मधे दोन वेळा तिला झोपच आली नाही, तेव्हा मात्रा तिथेच ठेवून थांबलो. आता अर्ध्यावर आली आहे. दिवाळीत ती पुण्याला येणार आहे, आणि येताना तुमच्यासाठी काय आणू म्हणून तिने मला तीनदा फोन केलाय.

तुमची,
पंपवाली