लॅपटॉप घेताना आधी स्लॉट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलपासून गल्लीतल्या लहान दुकानापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘आय-फाइव्ह आहे ना?’ आहे म्हटले की सौदा अर्धा पटतो. संगणक जोडण्याच्या आणि दुरुस्तीच्या व्यवसायातले आम्ही काही वाचक. आम्हाला हा प्रश्नच अपुरा वाटतो. लॅपटॉपमधला प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि रॅमच्या (मेमरीच्या) स्लॉटांची, म्हणजे पट्टी बसवायच्या जागांची, संख्या नंतर बदलता येत नाही. पैसा आधी तिथे जावा. रॅम आणि डिस्क मागाहून वाढवता येतात, पण आतल्या मुख्य बोर्डावर त्यासाठी जागा असेल तरच.

‘आय-५’, ‘आय-७’ ही इंटेलच्या प्रोसेसरांची एका जनरेशनमधली (पिढीतली) पायरी आहे, खरे काय ते पुढच्या आकड्यात असते. आय७-६५००यू म्हणजे सहावी जनरेशन आणि कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) फक्त दोन. आय३-१२१५यू ही बारावी जनरेशन, कोअर सहा. म्हणजे नवा ‘थ्री’ जुन्या ‘सेव्हन’ला सहज मागे टाकतो, तरी जुन्या बाजारात ‘सेव्हन’चा भाव चढाच असतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये घोळ वेगळा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावांसारखी दिसतात. पहिल्यात चार कोअर, रचना २०१९ची झेन-२, आणि रॅम कायम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे न निघणारी. दुसऱ्यात सहा कोअर, झेन-३. या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, पहिला फक्त बाजारात आल्याचे साल. म्हणून कोटेशनवर प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून घ्यावे.

आता स्लॉट. दुकानातल्या डेमो यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेले की किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते दिसते. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे आले तर रॅम बोर्डावरच आहे, वाढ विसरा. काही यंत्रांत ८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा असतो, ते चालण्यासारखे आहे. एकच ८ जीबीची पट्टी असेल तर मेमरी एकाच चॅनलवर (मार्गावर) चालते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्राचे कामही याच रॅमवर होते, त्यामुळे तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी टाकली की नुसती जागा नव्हे, वेगही वाढतो.

पट्टी घेताना जात चुकली की पैसे फुकट. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही, हे एका परीने बरेच. खरी फसगत डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत. खाच तीच, पण पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ची. चौथ्या जनरेशनच्या लॅपटॉपला ‘एल’ लागते. साधी घातली तर बसते नीट, यंत्र मात्र बहुधा सुरूच होत नाही आणि दोष बोर्डावर ढकलला जातो.

एक खबरदारी. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले आहेत. तेव्हा ‘मागाहून टाकू’ म्हणण्याआधी सुट्या पट्टीचा आजचा भाव विचारावा. ८ आणि १६ जीबीच्या मॉडेलांतला फरक त्याहून कमी असेल तर १६चेच घ्यावे.

मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना राज्य शासन लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. योजना चांगली आहे, पण या रकमेच्या आसपास जी नवी यंत्रे समोर ठेवली जातात ती नीट बघावीत. हलका सेलेरॉन प्रोसेसर, सोल्डर केलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असा संच दिसला तर सरळ उठावे. ईएमएमसी ही बोर्डावरची चिप, ती बदलता येत नाही. ६४ जीबी ही विंडोज ११ची किमान अट आहे, म्हणजे दोन-तीन मोठे अपडेट झाले की फाइल ठेवायलाही जागा उरत नाही. त्याऐवजी आठव्या जनरेशनपुढचा, कंपनीतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप किती तरी उपयोगी पडतो, फक्त तो तपासून घ्यावा.

तपासणी अशी. आधी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून पाहावे. पासवर्ड मागितला तर यंत्र परत ठेवावे, मग कितीही स्वस्त असो. मग विंडोज नव्याने टाकून, इंटरनेट जोडून पहिले लॉगिन करून दाखवायला सांगावे. पूर्वीच्या कंपनीने यंत्र ऑटोपायलटमध्ये (मायक्रोसॉफ्टकडच्या कंपनी-यंत्रांच्या नोंदणीत) नोंदवलेले असेल तर त्या वेळी कंपनीचेच लॉगिन मागितले जाते आणि फॉरमॅट मारून ते जात नाही. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता ताडून पाहावी. निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यात धरावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्क किती तास चालली ते सांगते, त्यात ‘कॉशन’ असे पिवळे दिसले तर सौद्यात त्या डिस्कची किंमत धरायचीच नाही.

घरात पाच-सात वर्षांचा लॅपटॉप पडून असेल तर नव्याची घाई करू नये. तो संथ झाला असेल तर नव्वद टक्के दोष फिरत्या हार्ड डिस्कचा, असे आम्ही अनुभवाने म्हणू. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क मोठी फाइल वाचताना सेकंदाला शंभरेक एमबी देते. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली इकडून तिकडून उचलायच्या असतात, तिथे तिचा वेग एक-दोन एमबीवर येतो. साटा जोडणीची एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) पाचशेच्या वर देते आणि लहान फायलींत तर तुलनाच नाही. अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी बसते. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून तिथे कॅडीत (त्या मापाच्या चौकटीत) जुनी डिस्क ठेवता येते, कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत येते, ड्राइव्ह मोजूनच आणावी. एसएसडी मूळ जागीच बसवावी, काही यंत्रे कॅडीतून सुरू होत नाहीत.

एम-डॉट-टू स्लॉट असलेल्या यंत्रात वेगळी गंमत होते. त्यात बसणाऱ्या एसएसडीच्या पट्ट्या दोन प्रकारच्या, साटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई. दोन्ही दिसायला सारख्या. साटाला सहसा दोन खाचा, एनव्हीएमईला बहुधा एक. फक्त साटा घेणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई कशीबशी बसली तरी बायॉसला दिसत नाही. लांबीही बघावी: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२४२ची लांबी ४२, जवळपास निम्मी. ८०ची जागा नसेल तर स्क्रू कुठे लावणार?

यंत्र उघडण्याआधी चार्जर काढून आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. तो तसाच ठेवून रॅम काढघाल केली की बोर्ड जाऊ शकतो. हिवाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी, अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आधी धातूला हात लावावा. स्क्रू निघतील त्या क्रमाने मांडावेत. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वरचे प्लास्टिक फुटते किंवा बोर्ड दबतो.

विंडोज नव्याने टाकणे क्लोन करण्यापेक्षा (जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा) बरे, त्यासाठी ८ जीबीची पेन ड्राइव्ह पुरते. अकराव्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच इंटेल यंत्रांत इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब नसते, व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळणारी सोय) चालू असते. तिचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच ठेवावा आणि तिथे लोड करावा. बायॉसमध्ये हा मोड बदलून काम उरकले की आधीचे विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर अडते. बायॉसला हात लावण्यापूर्वी आणखी एक गोष्ट: यंत्रात डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून घ्यावी. ती मागितली गेली आणि नसली तर सगळा डेटा गेला, त्यावर कोणाकडे इलाज नाही.

नामांकित कंपनीच्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा परवाना बोर्डातच साठवलेला असतो, तो बहुधा ‘होम’चा. काही जण त्यावर ‘प्रो’ मारतात, ते आपोआप सक्रिय होत नाही, मग क्रॅक लावतात आणि त्याचेही पैसे घेतात. ‘होम’ टाकले असते तर फुकटात खरा परवाना मिळाला असता! सेटिंगमधल्या अ‍ॅक्टिव्हेशन पानावर ‘डिजिटल लायसन्स’ दिसते का ते पाहूनच पैसे द्यावेत.

विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. नावनोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज ११ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा रायझनची २००० मालिका किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) लागते. ‘टीपीएम नाही’ असे आले तरी घाबरू नये, बायॉसमध्ये ते बहुधा पीटीटी किंवा एफटीपीएम या नावाने बंद असते. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी एमबीआर-टू-जीपीटी साधनाने ती बदलावी, मगच बायॉस यूईएफआय या नव्या पद्धतीवर न्यावा. क्रम उलटा झाला की विंडोज सुरूच होत नाही. सातव्या जनरेशनच्या किंवा त्याआधीच्या यंत्रावर उबंटू किंवा मिंट हे मोफत लिनक्स टाकावे. सी, पायथन, जावा शिकायला ते उत्तम चालते.

कोणत्या शाखेला किती लागते? वाणिज्य आणि सीएच्या टॅली-एक्सेलला ८ जीबी पुरते. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह (संगणकातल्या नकली फोनसह) चालवायचा तर १६. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलांनी मॅक किंवा स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप घेण्यापूर्वी थांबावे, आराखड्यांचे सॉलिडवर्क्स त्यांवर थेट चालत नाही. ऑटोकॅडचा क्रॅक शोधण्याचेही कारण नाही, विद्यार्थ्यांना त्याचा शैक्षणिक परवाना मोफत मिळतो. पहिल्या वर्षाला अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप ‘अभ्यासासाठी’ लागतो, हे मात्र मुलांनी पालकांना पटवलेले आहे.

डेस्कटॉपबद्दल थोडक्यात. ऑफिसातून निघालेल्या बारक्या डब्यात मोठे ग्राफिक्स कार्ड मावत नाही, लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) कार्डच लागते. त्याचा एसएमपीएसही (वीज पुरवणारा डबा) त्या कंपनीच्या मापाचा, बाजारातला बसत नाही. तिथे बोर्डातूनच वीज घेणारे, ७५ वॅटच्या आतले कार्ड निवडावे. आणि ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. मोठ्या कार्डाचे यंत्र त्यावर ठेवले तर वीज जाताच दोन्ही बंद पडतात.

या सगळ्यातले निम्मे काम महाविद्यालये करू शकतात. प्रवेशाच्या माहितीपत्रकात प्रत्येक शाखेचे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारी रॅम, ग्राफिक्स, विंडोज एवढे एका पानावर छापावे, तेही प्रवेशाच्या आधी. दुकानदारांनाही विनंती, कोटेशनवर ‘आय-५, ८ जीबी, ५१२’ एवढ्यावर थांबू नका. प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम सोल्डर की स्लॉटमध्ये, मोकळे स्लॉट किती, कमाल रॅम किती, एम-डॉट-टूचा प्रकार आणि लांबी, विंडोज होम की प्रो हे लिहा आणि पक्क्या बिलावर सीरियल नंबर टाका.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
इंदूर