पोळ्या आणि जवारी

महोदय,

रविवारच्या पुरवणीत मिरजेतील एका महिला वाद्यकारागिराविषयी आलेला लेख वाचला. कौतुक योग्यच आहे. पण ‘घर, मुले, सासूबाईंची औषधे सांभाळून त्या तंबोऱ्याची जवारी काढतात’ हे लेखात तीनदा येते आणि जवारी म्हणजे काय, हे एकदाही येत नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने किंचित उतार देत घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवत नाद खुलतो ती नेमकी जागा शोधायची. घासण्यात जरा चूक झाली की झंकार गेला. छायाचित्रात मात्र बाईंच्या हाती लाटणे आणि तंबोरा मागे भिंतीला टेकलेला.

सकाळी पोळ्या लाटल्याखेरीज षड्ज लागत नाही, असाच या लेखाचा निष्कर्ष दिसतो. तसे असेल तर प्रकरण गंभीर आहे. मिरजेत पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या पोळ्या न लाटता तंबोरे घडवले. ते सगळे परत मागवून तपासावे लागतील. 2024 मध्ये मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना मिळालेले भौगोलिक मानांकनही धोक्यात येईल, कारण त्या अर्जात कणकेचा उल्लेख असल्याचे ऐकिवात नाही. तपासणीसाठी समिती नेमावी. डब्यातली पोळी स्वतः केलेली असणे, एवढीच सदस्यत्वाची अट. (मग समिती होणारच नाही, ही गोष्ट वेगळी.)

पुरुष कारागिरांवर लिहाल तेव्हा मुलांच्या डब्याचा प्रश्न आधी विचारावा. छायाचित्रासाठी पोळपाट आम्ही देऊ.

– एक वाचक, सांगली