दिव्यांगांसाठी संस्था आहेत. मंडळीत जागा कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या स्थानिक समुदायांच्या) पास्टोरेट कमिट्यांमध्ये, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समित्यांमध्ये, चर्चची रंगरंगोटी, रोषणाई आणि मंडप यांच्या खर्चाची चर्चा सुरू होते. त्या अंदाजपत्रकात व्हीलचेअरसाठी उतार बांधण्याचा खर्च मात्र क्वचितच दिसतो. ‘आपल्याकडे व्हीलचेअरवरून कोणी येतच नाही,’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून ती माणसे येत नाहीत, हे कोणी लक्षात घेत नाही.

हा केवळ दयाबुद्धीचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील ‘सार्वजनिक इमारती’च्या व्याख्येत, लोक धार्मिक कारणांसाठी वापरतात त्या खासगी इमारतीही येतात. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती आणि ती २०२२ मध्येच संपली. सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, केवळ शिफारशी म्हणून चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले आहे.

खरे तर दिव्यांगांच्या सेवेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाने मागे पडावे असा आमचा इतिहास नाही. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांना शिक्षण आणि आसरा मिळाला, मिरजेला आणि अचलपूरजवळच्या कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभी राहिली. या कामाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. मात्र ज्यांची सेवा करायची त्यांच्यासाठी वेगळे आवार असते आणि आपली उपासना दुसरीकडे भरते, ही सवय त्यातूनच आमच्या अंगवळणी पडली असावी. आजही आम्ही अंधशाळेसाठी आनंदाने दानार्पण गोळा करतो. अंध सभासदाला ब्रेलमधून शास्त्रपाठ वाचायला उभे करावे, हे मात्र आम्हाला सुचत नाही.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या बाबतीत अडचण दृढीकरणाशी, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास जाहीर करून प्रभुभोजनात (भाकर आणि प्याल्याच्या विधीत) सहभागी होण्याच्या टप्प्याशी येते. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ झाली नाहीत, ‘त्याला अर्थ कळणार नाही’, असे म्हणून दृढीकरण पुढे ढकलले जाते आणि वयाने मोठा झालेला माणूस प्रभुभोजनाच्या वेळी आईशेजारी बाकावर बसून राहतो. प्रभुभोजनाचा पूर्ण अर्थ आपल्यापैकी कोणाला कळला आहे, हेही एकदा प्रामाणिकपणे विचारायला हवे. कॅथलिक पंथापुरते बोलायचे तर, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आपल्या पत्रकात, बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्या बौद्धिक दिव्यांगांनाही शक्य असेल तेथे कम्युनियन (प्रभुभोजन) द्यावे, कारण ते आपल्या कुटुंबाच्या आणि मंडळीच्या विश्वासातही ते स्वीकारतात, असे स्पष्ट केले आहे. आम्हा प्रोटेस्टंट मंडळ्यांना या विचारापासून शिकण्यात कमीपणा वाटू नये.

सर्वांत अवघड आणि सर्वांत दडवला जाणारा विषय मानसिक आजाराचा आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या सभासदाचे नाव उपासनेत प्रार्थनेसाठी उघडपणे घेतले जाते. स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्य असलेल्याचे नाव घरचेच घेऊ देत नाहीत, कारण ‘विश्वास कमी पडला’, ‘घरात काही पाप असेल’ किंवा ‘दुष्टात्मा आहे’ असा निवाडा ऐकावा लागण्याची त्यांना भीती असते. आरोग्यदानाच्या काही सभांमध्ये तर गोळ्या बंद करणे हीच विश्वासाची साक्ष मानली जाते. अशा रीतीने अचानक औषध थांबवल्यास आजार दुप्पट जोराने उलटू शकतो आणि त्याचे परिणाम सभा घेणाऱ्यांना नव्हे, कुटुंबाला भोगावे लागतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणे किंवा मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि तो कायदा सर्व धर्मांना सारखाच लागू आहे.

पवित्र शास्त्राचा आधार देऊन दोष लावणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुन्हा वाचावा. जन्मांध माणसाच्या बाबतीत पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, या शिष्यांच्या प्रश्नाला येशूने ‘दोघांचेही नाही’ असेच उत्तर दिले. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काटा राहिला. म्हणून पौलाचा विश्वास उणा होता असे कोणी म्हणत नाही. आणि झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले. प्रार्थना करू नये असे मी म्हणत नाही. प्रार्थना आणि मनोविकारतज्ज्ञाचे औषध यांपैकी एकच निवडा, अशी अट कोणावर घालू नये, एवढेच म्हणणे आहे.

पाळकांचे प्रशिक्षण याबाबतीत फार महत्त्वाचे आहे. भारतातील प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालय नागपूरला आहे आणि दिव्यांगांच्या सहभागासाठी तिचा स्वतंत्र विभाग काम करतो. पुण्यात ईश्वरविज्ञानाची नावाजलेली महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी काही आठवडे मनोविकार रुग्णालयात आणि विशेष मुलांच्या शाळेत काढल्याशिवाय त्यांची पाळक म्हणून दीक्षा होऊ नये, असा नियम धर्मप्रांतांना सहज करता येईल.

तोपर्यंत स्थानिक मंडळीला थांबून राहण्याचे कारण नाही. ज्यांना वेदीपाशी गुडघे टेकता येत नाहीत त्यांच्यापर्यंत भाकर आणि प्याला नेता येतो, ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली गीते मोठ्या टाइपात छापता येतात, ‘टेलीमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लावता येतो. यांतल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही. उताराला लागतो; पण तो बांधण्याआधी, ज्या घरातली व्यक्ती उपासनेला येऊ शकत नाही त्या घरी कमिटीच्या सभासदांनी जाऊन उतार कुठे आणि किती रुंद हवा हे तिलाच विचारावे, आणि पुढच्या निवडणुकीत तिचे नाव कमिटीसाठी सुचवावे.

आपला विश्वासू,
मंडळीचा एक सभासद, अहिल्यानगर