टर्मिन मिळाला की मिळाली?

बेळगाव, रविवार

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आन्मेल्डुंगची टर्मिन मिळाली!" आईला वाटलं, हे कसल्या तरी तपासणीचं नाव; जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंदणी करायला ठरवून मिळालेली वेळ ती, हे तिला सांगावं लागलं. मी मात्र त्या 'मिळाली'वर अडकलो. आयुष्यभर व्याकरण शिकवल्याची खोड, दुसरं काय. गल्लीतल्या जर्मनच्या बाईंना विचारलं, तर टर्मिन तिकडे पुल्लिंगी: देर टर्मिन. मग तू त्याची बाई कशी केलीस? आपली 'अपॉइंटमेंट' स्त्रीलिंगी, 'वेळ'ही स्त्रीलिंगी, म्हणून. शब्द जर्मन, पण नांदतोय मराठीच्या घरात.

तेव्हा भाषांची खिचडी होते म्हणून एवढी खट्टू होऊ नकोस. तुझी आजी रविवार पेठेत भाव करायची कन्नडात आणि पैसे मोजायची मराठीत. 1980 साली भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन लोकांच्या बोलण्यावर निबंध लिहिला. ज्यांना स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येत, तेच वाक्याच्या पोटात जास्त भाषा बदलत, असं त्यांना आढळलं.

तुझं अजून तसं नाही, हेही सांगतो. तुझा एक शब्द अडतो आणि तू अख्खं बोलणंच इंग्रजीत नेतेस. मग समोरचाही इंग्रजीत सुरू होतो आणि त्या दिवसाचं जर्मन संपलं. अडला तेवढाच शब्द इंग्रजी घाल, वाक्य जर्मनच राहू दे.

आणि ते 'वाइल इश बिन म्यूडे' वर्गात खोडलं ना? तू इंग्रजीवरून गेलीस गं. मराठीवरून जाऊन बघ: कारण मी दमलेली आहे, वाइल इश म्यूडे बिन. शब्दाखाली शब्द बसतो! दर वेळी नाही बसणार. साध्या वाक्यात त्यांचं क्रियापद दुसऱ्या जागेवर जाऊन बसतं. पण देर-दी-दास, म्हणजे कुठल्या नामाचं लिंग कोणतं, हे पाठ करताना तुझी कोरियन मैत्रीण वैतागते म्हणालीस, तिच्या भाषेत नामांना लिंगच नाही. तो-ती-ते करत वाढलेल्या तुला निदान निर्जीव वस्तूला लिंग कशाला, हा प्रश्न तरी पडत नाही.

मेतकूट संपलं असेल. पुढच्या आठवड्यात शेजारचा मुलगा तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. ते देर, दी की दास, हे तुम्ही दोघी ठरवा.

तुझा,
बाबा