यंत्रासाठी नव्हे, हिशेबासाठी देणगी हवी आहे

रुग्णालयाला नवं यंत्र हवं म्हटलं की देणगीदार पुढे येतात, आणि त्यात काही गैर नाही. यंत्र डोळ्यांना दिसतं, त्यावर नावाची पाटी लावता येते. यंदा मात्र आमची रुग्णालय सहाय्य समिती ज्या कामासाठी हात पसरते आहे, त्याला पाटी लावायला जागाच नाही. सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी वॉर्डात जे उपक्रम चालतात, त्यांवरचा खर्च सार्थकी लागतो का, हे आम्हाला पडताळून पाहायचं आहे.

असे उपक्रम गुण देतात, हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली औषधाची नळी, घालताना पाच साध्या गोष्टी कटाक्षाने पाळल्या. हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लाइन घातलेल्या दर १००० दिवसांमागे रक्तातल्या जंतुसंसर्गाचं सरासरी प्रमाण ७.७ होतं, ते साधारण दीड वर्षात १.४ वर आलं.

लागणारं साहित्य स्वस्त, म्हणून सुधारणा जवळजवळ फुकटात होते असं अनेकांना वाटतं. आमचा आक्षेप इथेच आहे. या पाच गोष्टींची यादी हातात घेऊन उभी राहणारी, डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली तर त्यांना थांबवणारी सिस्टर तेवढा वेळ दुसऱ्या रुग्णाजवळ नसते. प्रशिक्षण, नोंदी, बैठका यांचे तास कुठल्याच बिलात येत नाहीत. बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळायला ठरावीक वेळाने कूस बदलावी लागते, आणि जड रुग्णाला दोन माणसं लागतात, रात्रपाळीतसुद्धा. शिवाय सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर हे सगळं टिकवून ठेवण्याचा खर्च वेगळाच.

बचतीच्या बाजूलाही आकडे फुगतात. संसर्ग टळला की अँटिबायोटिक्स आणि तपासण्या वाचतात, हे खरं. पण खाट रिकामी झाली म्हणून पगार किंवा विजेचं बिल कमी होत नाही. खाटेवर पुढचा रुग्ण येतो, हा मोठाच फायदा, मात्र तो तिजोरीत दिसत नाही. रुग्णाच्या घरच्यांचा बुडणारा रोजगार तर रुग्णालयाच्या वहीत कधी येतच नाही; आम्हाला तोही मोजायचा आहे. आणि उपक्रम नसता तरी संसर्ग आपोआप किती घटला असता, हे पाहायला उपक्रम न राबवणाऱ्या वॉर्डाशी तुलना हवी. नुसतं ‘आधी’ आणि ‘नंतर’ मांडून श्रेय घेणं सोपं असतं.

यासाठी वर्षभर एक अर्धवेळ हिशेबनीस आणि नोंदी ठेवायला एक वेगळी परिचारिका नेमायची आहे, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरवर आणखी एक रजिस्टर लादावं लागणार नाही. देणगी या दोघांच्या मानधनासाठीच वापरली जाईल. पैसे देणं जमत नसेल तर वेळ द्या. निवृत्त लेखापाल, खर्चलेखापाल, संख्याशास्त्राचे विद्यार्थी यांची आम्हाला फार गरज आहे.

रक्कम लहान असली तरी पावती मिळेल आणि वर्षअखेरचा अहवाल प्रत्येक देणगीदाराला पाठवू. एखादा उपक्रम खर्चाच्या मानाने तोकडा ठरला, तर तेही त्यात लिहिलेलं असेल. ज्या कंपन्यांचा माल या उपक्रमांत वापरला जातो, त्यांच्याकडून मात्र या कामासाठी आम्ही पैसे घेणार नाही.